राल्फ: चुकणाऱ्या पोरसवदा नेत्याविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नेरूळमध्ये दर रविवारी सकाळी मी आठवी ते दहावीच्या मुलांबरोबर विल्यम गोल्डिंग यांची ‘लॉर्ड ऑफ द फ्लाइज’ ही कादंबरी वाचते. मुले ऐरोली, घणसोली, कोपरखैरणे येथून येतात, काही ट्रान्स हार्बरच्या गाडीने थेट ठाण्याहून येतात. वाचन इंग्रजीत होते आणि भांडण मराठीत. वर्ग सुटल्यावर मुलांचे, आणि अलीकडे त्यांच्या पालकांचेही, जे प्रश्न व्हॉट्सॲपवर येत राहतात, त्यांतले बहुतेक राल्फ या एकाच मुलाभोवती फिरतात. तेच येथे एकत्र केले आहेत. उत्तरांमध्ये कथेचा शेवट उघड केलेला आहे, हे आधीच सांगून ठेवते.

१. पुस्तक अजून वाचलेले नाही. राल्फ म्हणजे कोण, ते थोडक्यात सांगाल का?

युद्धाच्या काळात इंग्लंडमधील शाळकरी मुलांना घेऊन निघालेले विमान एका निर्मनुष्य बेटावर कोसळते. मोठे माणूस एकही उरत नाही. जी मुले वाचतात, ती एका बारा वर्षांच्या मुलाला आपला प्रमुख म्हणून निवडतात, आणि तो राल्फ. त्याचे वडील नौदलात अधिकारी आहेत आणि ते येऊन आपल्याला सोडवतील, अशी त्याची सुरुवातीला खात्री आहे. त्याचे म्हणणे साधे आहे. डोंगरावर आग पेटती ठेवायची, म्हणजे धूर पाहून एखादे जहाज येईल. राहायला झोपड्या बांधायच्या. आणि सभेत ज्याच्या हातात शंख असेल त्यानेच बोलायचे. जॅक नावाचा दुसरा मुलगा शिकारीच्या मागे लागतो आणि हळूहळू सगळी मुले त्याच्याकडे जातात. सायमन आणि पिगी ही दोन मुले मारली जातात आणि शेवटी राल्फचीच शिकार सुरू होते.

२. मुलांनी जॅकला सोडून राल्फला का निवडले? जॅककडे तर अनुभव होता.

जॅकचा दावा होताच. चर्चच्या गायकवृंदाचा तो म्होरक्या होता, शाळेत हेड बॉय होता, आणि आपल्याला वरचा स्वर लावता येतो हेसुद्धा त्याने पात्रता म्हणून सांगितले. बुद्धी पाहायची तर ती पिगीकडे होती. लेखक हे सरळ नोंदवतो, आणि राल्फच्या बाजूने त्याला जे दिसते ते एवढेच की हा मुलगा अंगापिंडाने धड आहे, दिसायला बरा आहे, शांत बसलेला आहे आणि शंख त्याच्या हातात आहे. गायकवृंदातील मुले जॅकसाठी हात वर करतात, पण तो हुकूम पाळल्यासारखा. बाकीची राल्फसाठी हात वर करतात, आणि पिगीचा हात सर्वांत शेवटी, काहीशा नाखुशीने वर जातो.

त्यानंतरची एक गोष्ट वाचताना पुष्कळांच्या नजरेतून निसटते. हरलेल्या जॅकचा चेहरा लाल झालेला पाहून राल्फला वाईट वाटते आणि तो म्हणतो की गायकवृंद तुझाच, त्यांचे काय करायचे ते तू ठरव. जॅक ठरवतो की ते शिकारी होतील. राल्फच्या मनाचा हा चांगुलपणाच होता, यात मला शंका नाही. परंतु ज्यांच्या हाती पुढे भाले येणार होते, ती एकमेव संघटित टोळी त्याने पहिल्याच दिवशी प्रतिस्पर्ध्याच्या स्वाधीन केली, आणि आपण काय देऊन बसलो हे त्याला कितीतरी दिवस कळले नाही.

३. एका शंखाला एवढे महत्त्व कसे काय?

आपल्या घरात हा प्रश्न खरे तर पडू नये. देवघरातला शंख खाली जमिनीवर ठेवलेला आजीला चालत नाही, आणि आरतीच्या आधी तो वाजला की बोलणारी माणसे गप्प होतात, हे आपण लहानपणापासून पाहिलेले आहे. बेटावरचा शंख फिकट सायीच्या रंगाचा, कडेला गुलाबीसर, साधारण १८ इंच लांबीचा आहे आणि त्याचे टोक झिजून तेथे बारीक छिद्र पडलेले आहे, म्हणूनच तो फुंकता येतो. राल्फला तो आधी नुसता सुंदर वाटतो. ही वस्तू काय आहे, ती कशी वाजवायची आणि वाजवून मुले गोळा करता येतील, हे तिन्ही त्याला पिगी सांगतो.

एका रविवारी मी घरचा फुंकायचा शंख वर्गात नेला. पहिल्या तिघा मुलांच्या फुंकीतून नुसता हवेचा फुसकारा निघाला. चौथ्या मुलीने पोटातून जोर लावला आणि आवाज असा घुमला की शेजारच्या इमारतीच्या खिडकीत दोन माणसे येऊन उभी राहिली. मग नियम केला की शंख ज्याच्या हातात, त्यानेच बोलावे. पहिली पाच मिनिटे तो प्रत्येकाने दोन्ही हातांनी जपून घेतला. अर्ध्या तासानंतर माझ्या लक्षात आले की शंख चार बोलक्या मुलांमध्येच फिरतो आहे आणि मागच्या सतरंजीवर भिंतीला टेकून बसलेल्या दोघांकडे तो एकदाही गेलेला नाही. नियम कोणीही मोडलेला नव्हता. राल्फच्या सभांमध्येही पिगीच्या हातात शंख असताना इतर मुले बोलतात आणि राल्फ अनेकदा ते चालू देतो. जॅकने शंखाचा उघड अपमान पुढे केला, पण त्याची धार राल्फच्या डोळ्यांदेखत, रोज थोडी थोडी, बोथट होत गेली होती.

४. राल्फचा सर्वांत मोठा दोष कोणता? परीक्षेत ‘निर्णयक्षमतेचा अभाव’ असे लिहिले तर चालेल का?

लिहिता येईल, परंतु ते उत्तर अपुरे आहे. निर्णय राल्फ घेतो, आणि बहुतेक वेळा योग्य घेतो. माझ्या मते त्याचा दोष अधिक जुना आणि अधिक साधा आहे, आणि तो पहिल्याच प्रकरणात घडतो.

बेटावर भेटलेला पहिला मुलगा राल्फला विश्वासाने सांगतो की शाळेत मला एका नावाने चिडवायचे, इथे त्या नावाने कोणी हाक मारली नाही म्हणजे झाले. ते नाव ‘पिगी’, म्हणजे डुकराचे पिल्लू. राल्फ ते ऐकून हसत सुटतो. पिगी पुन्हा विनवतो की इतरांना सांगू नकोस. थोड्याच वेळात सभेत जॅक त्या मुलाला जाड्या म्हणतो, तेव्हा राल्फ सगळ्यांसमोर सांगतो की याचे नाव ते नाही, याला पिगी म्हणतात. सगळी मुले हसतात. त्या हसण्याने अनोळखी मुलांचा एक गट तयार होतो आणि पिगी त्या गटाच्या बाहेर राहतो. मराठीत आपण ‘नाव ठेवणे’ आणि ‘नावे ठेवणे’ असे दोन वेगळे प्रयोग करतो. राल्फने एका वाक्यात दोन्ही केले.

यात दुष्टपणा नव्हता. बारा वर्षांच्या मुलाला चार मुलांत हशा मिळवायचा होता, इतकेच. नंतर पिगी दुखावलेला पाहून तो ओशाळतो आणि सांगतो की जाड्यापेक्षा पिगी बरे, आणि तुला वाईट वाटले असेल तर माफ कर. पण त्याच बोलण्यात तो त्याला पुन्हा त्याच नावाने हाक मारतो आणि मुलांची नावे लिहून घ्यायला मागे पाठवतो. आपल्या भरवशावर असलेल्या दुबळ्या माणसाची लाज राखणे हे त्याला नेतेपणाचे काम वाटले नाही. पुढे जॅकने पिगीच्या कानशिलात मारली, चष्मा फोडला, तेव्हा मुलांना त्यात गैर असे काही वाटले नाही, कारण या मुलावर हसायचे असते हे त्यांना खुद्द प्रमुखाने शिकवले होते. म्हणून वर्गात कोणी ‘राल्फची सत्ता कधी ढासळू लागली’ असे विचारले, तर मी पाचव्या प्रकरणातील सभेकडे किंवा आठव्या प्रकरणातील फुटीकडे बोट दाखवत नाही. मी हे पहिले हसणे दाखवते.

५. बेटावर एकूण मुले किती होती? पुस्तकात आकडा सापडत नाही.

सापडणारच नाही. पहिल्या दिवशी पिगी एकेकाचे नाव विचारत फिरतो, पण ती यादी पुरी होत नाही. दुसऱ्या प्रकरणात डोंगरावरची आग हाताबाहेर जाते आणि चेहऱ्यावर तुतीच्या रंगाचा डाग असलेला एक लहान मुलगा त्यानंतर कोणालाच दिसत नाही. त्याचे नाव कोणाला माहीत नव्हते, त्यामुळे त्याला शोधायला हाक तरी काय मारणार? शेवटी आलेला नौदल अधिकारी राल्फला विचारतो की तुम्ही किती जण आहात, आणि राल्फला नुसती मान हलवावी लागते. पर्सिव्हल नावाचा एक चिमुरडा आरंभी आपले पूर्ण नाव आणि घरचा पत्ता घोकत असतो. तो अधिकाऱ्यासमोर उभा राहतो तेव्हा त्याला स्वतःचे नावही आठवत नाही. सहलीला निघताना प्रत्येक थांब्यावर मुले मोजणाऱ्या बाई ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना यातले गांभीर्य वेगळे सांगायला नको.

६. मुलांना भूक लागली होती आणि जॅकने मांस आणले. मग राल्फचा धुराचा हट्ट चुकीचा नव्हता का?

हा प्रश्न बहुतेक वेळा पालक विचारतात, आणि तो रास्त आहे. पोटाला लागणारे आज मिळते आणि जहाज कधी येईल ते सांगता येत नाही. परंतु चौथ्या प्रकरणात जहाज खरोखर क्षितिजावर दिसते आणि त्याच वेळी आग विझलेली असते, कारण ती राखणारी मुले जॅकबरोबर डुकराच्या मागे गेलेली असतात. जॅक रक्ताने माखलेले हात घेऊन उत्साहाने परततो आणि राल्फ त्याला एवढेच ऐकवतो की तुम्ही आग विझू दिलीत. दोघेही एकमेकांचे म्हणणे ऐकू शकत नाहीत, असा तो क्षण आहे.

यानंतर मांस भाजले जाते. राल्फने मनाशी ठरवलेले असते की आपण घ्यायचे नाही. पण कित्येक दिवस फळांवर काढलेले असतात, तोंडाला पाणी सुटते आणि तो घेतो. इथे त्याला भ्याड म्हणणारी मुले वर्गात असतात. मला तसे वाटत नाही. मात्र ते मांस घेताना त्याने आपले म्हणणे पुन्हा एकदा ठामपणे मांडायला हवे होते, आणि उपाशीपोटी मुलांना आग राखायला लावायचे तर त्यांच्या जेवणाची व्यवस्थाही प्रमुखानेच लावायला हवी होती. शिकार आणि आग यांच्या पाळ्या लावून देणे अशक्य नव्हते. झोपड्यांच्या बाबतीतही तेच झाले: तिसरी झोपडी बांधायला राल्फबरोबर एकटा सायमन उरला, आणि राल्फने कामे वाटून देण्याऐवजी त्रागा केला.

७. राल्फ बोलता बोलता मुद्दा विसरतो, ते काय आहे? त्याला काही आजार आहे का?

आजार नाही. सहाव्या-सातव्या प्रकरणानंतर त्याच्या मनात जणू एक पडदा फडफडू लागतो आणि ‘आग कशासाठी हवी’ हे वाक्य त्याच्या तोंडातून पुरे होत नाही. मग पिगी हळूच सांगतो की सुटकेसाठी. झोप, भूक, भीती आणि डोळ्यांवर येणारे लांब केस, हे सगळे त्यामागे आहे. पण लेखकाला आणखी काही सुचवायचे असावे. पाचव्या प्रकरणातील सभेपूर्वी राल्फ किनाऱ्यावर येरझाऱ्या घालताना स्वतःशी कबूल करतो की प्रमुखाला विचार करावा लागतो आणि आपल्याला पिगीसारखा विचार करता येत नाही. नेत्याने स्वतःची मर्यादा इतक्या स्वच्छपणे ओळखावी, ही मोठी गोष्ट आहे. त्या दिवसापासून पिगीची किंमत त्याला कळते, परंतु इतरांच्या लेखी पिगीची किंमत तोवर ठरून गेलेली असते (प्रश्न ४ पाहावा).

८. सभा उधळली तेव्हा पिगी शंख फुंकायला सांगतो आणि राल्फ फुंकत नाही. तो घाबरला का?

हो, आणि त्याची भीती खरी होती. त्याचा हिशोब असा की मी फुंकला आणि कोणीच परत आले नाही, तर सगळे संपले. न फुंकलेल्या शंखात निदान शक्यता तरी शिल्लक राहते. सोसायटीची सभा गणपूर्ती होणार नाही या धास्तीने पुढे ढकलणारे सेक्रेटरी ठाण्यात आणि नवी मुंबईत काही कमी नाहीत, त्यामुळे हा पेच आपल्याला परका नाही. वर्गात यावर मतदान घेतले, तेव्हा ‘फुंकायला हवा होता’ या बाजूने जास्त हात वर झाले. माझा हात त्यांच्यात नव्हता. त्या रात्री अंधार होता, बेटावर एक श्वापद आहे या समजुतीने घाबरलेली मुले किंचाळत होती, आणि त्या क्षणी कोणी आले नसते असेच मला वाटते. मात्र दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर त्याने एकेका मुलाला गाठून बोलायला हवे होते, ते त्याने केले नाही.

९. सायमनच्या मृत्यूत राल्फचा हात होता का? हो किंवा नाही, स्पष्ट सांगा.

हो.

या उत्तरावर पुष्कळ मुले नाराज होतात, म्हणून नीट सांगते. नवव्या प्रकरणात राल्फ आणि पिगी जॅकच्या मेजवानीला जातात. वादळ घोंगावत येते, लहान मुले भेदरतात, आणि जॅक नाच सुरू करायला सांगतो. मुले रिंगण धरतात आणि मारा, कापा, रक्त सांडा अशा अर्थाचा घोष एका ठेक्यात सुरू होतो. राल्फ आणि पिगीलाही आकाशाच्या भयापुढे त्या रिंगणात शिरावेसे वाटते. ढोल-ताशाचे पथक अगदी जवळून जात असताना जो कोणी उभा राहिला असेल त्याला ठाऊक आहे की ठेका आधी पायांत शिरतो आणि आपण नंतर ठरवतो; आपल्याकडे तो आनंदासाठी असतो, तेथे त्या ठेक्यात भीती मिसळली होती. डोंगरावरचे ‘श्वापद’ म्हणजे पॅराशूटला अडकलेले एका वैमानिकाचे प्रेत आहे, ही सुटका करणारी बातमी घेऊन सायमन झाडीतून सरपटत बाहेर येतो, आणि रिंगण त्याच्यावर कोसळते.

याचे बीज सातव्या प्रकरणात आहे. रानडुकराच्या नाकाडावर राल्फचा भाला लागतो आणि त्याला प्रथमच शिकारीची नशा कळते. लगेच मुले रॉबर्ट नावाच्या मुलाला डुक्कर बनवून खेळ मांडतात, खेळ वाढत जातो, रॉबर्ट वेदनेने ओरडू लागतो, आणि त्या क्षणी राल्फही त्याच्या अंगावर हात टाकायला धडपडत असतो. त्यालाही दुखवायचे असते. खेळ संपल्यावर तो अस्वस्थ होतो, पण थांबवत नाही.

सायमनच्या मृत्यूनंतरच्या सकाळी काय होते, ते मात्र मी वर्गात दोनदा वाचायला लावते. राल्फ शंख कुरवाळत बसलेला असतो आणि म्हणतो की तो खून होता. पिगी कळवळून सांगतो की अपघात होता, अंधार होता, आपण रिंगणाच्या कडेला होतो. सॅम आणि एरिक ही जुळी भावंडे तर आपण दमून लवकर निघालो असेच धरून बसतात. शहाणा पिगी इथे राल्फपेक्षा कमी पडतो. संपूर्ण बेटावर त्या कृत्याला त्याच्या नावाने हाक मारणारा एकच मुलगा आहे. ज्याने पहिल्या दिवशी एका मुलाचे नाव हशासाठी उधळले, तोच आज स्वतःच्या अपराधाचे नाव उच्चारतो. राल्फ मला आवडतो तो या वाक्यामुळे, आणि त्याने स्वतःला निर्दोष ठरवले असते तर हे पुस्तक मी मुलांच्या हाती दिले नसते.

१०. जर दोघांनीही हिंसा केली, तर राल्फ आणि जॅक यांच्यात फरक तो काय?

सायमनबद्दलचा भाग वरच्या उत्तरात आलाच आहे. बाकीचा फरक असा की जॅकला रंग फासलेल्या चेहऱ्यामागे मोकळे वाटते. जॅकच्या टोळीने पळवलेला पिगीचा चष्मा परत मागायला तिच्या किल्ल्यासारख्या खडकाकडे जायचे ठरते, तेव्हा जुळी भावंडे आठवण करून देतात की ती मुले रंग फासलेली असतील, आणि राल्फ ठणकावतो: आपण रंगवायचे नाही, अंग धुऊन, पूर्वीसारखे होऊन जायचे. शेवटच्या प्रकरणात पाठलाग होत असताना तोही भाला खुपसतो, गुरगुरतो, झुडपात जनावरासारखा दडतो. आपल्यात काय जागे झाले आहे हे त्याला दिसते आणि त्याची त्याला भीती वाटते. जॅकची भीती बाहेरच्या श्वापदाचीच राहते.

११. ‘रानटी’ हा शब्द या चर्चेत वापरणे बरोबर आहे का? आम्ही येऊरच्या पायथ्याशी राहतो आणि माझ्या मुलीने हा प्रश्न विचारला.

तुमच्या मुलीने अचूक जागी बोट ठेवले आहे. येऊरच्या जंगलात आदिवासी पाडे आहेत, जुन्या ठाणे जिल्ह्यात वारली आणि कातकरी समाज पिढ्यानपिढ्या रानाशी नाते ठेवून राहत आला आहे, आणि रानात राहणे म्हणजे रानटी असणे हे समीकरण सरळ चुकीचे आहे. कादंबरीतील मुले ज्या अर्थाने तो शब्द वापरतात, तो अर्थ साम्राज्याच्या काळातील इंग्रजी शाळांतून आलेला आहे. जॅक स्वतः आरंभी म्हणतो की आपण इंग्रज आहोत, रानटी नाही. आणि खून कोण करते? गळ्यात झालरी लावून चर्चमध्ये गाणारी मुले. वर्गात आम्ही ‘रानटी’ऐवजी ‘क्रौर्य’ किंवा ‘हिंस्रपणा’ म्हणतो, आणि परीक्षेत मूळ शब्द लिहावाच लागला तर तो कोण, कोणाबद्दल वापरतो हे लिहायला सांगते.

१२. पिगीच्या चष्म्याने खरोखर आग पेटेल का?

नाही. पिगीला लांबचे दिसत नाही, म्हणजे त्याचा चष्मा आपण म्हणतो तसा मायनस नंबरचा. त्याची भिंगे अंतर्वक्र असतात आणि ती सूर्यकिरण पसरवतात. आग पेटवायला किरण एका बिंदूत आणणारे बहिर्वक्र भिंग हवे. ही लेखकाची प्रसिद्ध चूक आहे. चष्मा ज्याच्या हाती त्याच्या हाती आग, ही कथेची घडण त्यामुळे बिघडत नाही.

१३. टोंगामधील मुले बेटावर अडकूनही भांडली नाहीत म्हणे. मग गोल्डिंग खोटे ठरले ना?

१९६५ मध्ये टोंगामधील सहा शाळकरी मुले एका बोटीतून निघाली, वादळात सापडली आणि ‘आटा’ या निर्मनुष्य बेटाला लागली. पीटर वॉर्नर या ऑस्ट्रेलियन माणसाला ती सप्टेंबर १९६६ मध्ये सापडली, तोवर १५ महिने लोटले होते. त्यांनी आग विझू दिली नाही, कामांच्या पाळ्या लावल्या आणि एकाचा पाय मोडला तेव्हा तो सरळ बांधून त्याची शुश्रूषा केली. ही हकिकत मुलांना जरूर सांगावी.

तिने कादंबरी खोटी ठरत नाही, कारण ‘मुले अशीच वागतात’ हा कादंबरीचा दावा म्हणून मी वाचत नाही. टोंगाची मुले सहाच होती, एकमेकांचे मित्र होती आणि मिळून बोट घेऊन निघाली होती. गोल्डिंगच्या बेटावर अनोळखी मुलांचा घोळका आहे, त्यात सहा-सहा वर्षांची मुले आहेत, ज्यांची नावे मोठ्यांना ठाऊक नाहीत. राल्फला जे जमले नाही ते टोंगाच्या मुलांना कशामुळे जमले, हा प्रश्न मला दोहोंपैकी कोण खरे या प्रश्नापेक्षा उपयोगाचा वाटतो.

१४. लेखकाला मुलांबद्दल इतके कठोर का लिहावेसे वाटले?

गोल्डिंग हे सॉल्झबरी येथे मुलांच्या शाळेत शिक्षक होते, त्यामुळे वर्गातील टोळ्या आणि टोपणनावे त्यांनी रोज पाहिली होती. दुसऱ्या महायुद्धात ते ब्रिटिश नौदलात होते आणि जून १९४४ मध्ये नॉर्मंडीच्या किनाऱ्यावरील चढाईत त्यांनी भाग घेतला होता. सुशिक्षित देशांतील माणसे काय करू शकतात हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले होते. कादंबरी अनेक प्रकाशकांनी नाकारली आणि अखेर १९५४ मध्ये फेबर अँड फेबरने काढली. १९८३ मध्ये त्यांना नोबेल पुरस्कार मिळाला. राल्फ आणि जॅक ही नावे त्यांनी बॅलंटाइन यांच्या एकोणिसाव्या शतकातील ‘द कोरल आयलंड’ या कादंबरीतून जाणीवपूर्वक घेतली. तिच्यातील इंग्रज मुले बेटावर गुण्यागोविंदाने राहतात आणि संकट नेहमी बाहेरून येते.

१५. चित्रपट पाहिला तर पुस्तक वाचावे लागेल का?

वाचावे लागेल. पीटर ब्रुक यांचा १९६३ चा कृष्णधवल चित्रपट मूळ कथेच्या जवळ आहे; १९९० च्या चित्रपटात मुले अमेरिकन सैनिकी शाळेची केलेली आहेत. प्रश्न ७ मधील मनावरचा पडदा पडद्यावर कसा दाखवणार?

१६. सुटका झाल्यावर राल्फ रडतो. नेत्याने रडणे हा कमकुवतपणा नाही का?

रडण्याच्या आधी काय घडते ते पाहावे. अधिकारी विचारतो की इथला प्रमुख कोण. जॅक एक पाऊल पुढे येतो आणि थबकतो. राल्फ मोठ्याने म्हणतो: मी. त्या क्षणी प्रमुख असण्यात मिळवण्यासारखे काहीच उरलेले नव्हते. दोन मुले मारली गेली होती, बेट जळत होते, आणि त्याला ठार मारण्यासाठी पेटवलेल्या त्या वणव्याचाच धूर पाहून जहाज आले होते. अधिकारी नापसंती दाखवतो की इंग्रज मुलांकडून याहून बरे काही अपेक्षित होते. ते बोल जॅकने नव्हे, राल्फने ऐकून घेतले. मग तो रडतो, आणि त्याचे पाहून इतर मुलेही रडू लागतात.

१७. पिगीचे खरे नाव काय होते?

पुस्तकात ते कोठेही नाही, आणि हे विसरून राहिलेले नाही. पहिल्या प्रकरणात तो राल्फला नाव विचारतो. राल्फ सांगतो. मग तो जाडसर मुलगा थोडा वेळ थांबतो, की आता हाही मला माझे नाव विचारेल. राल्फ विचारत नाही. किनाऱ्याकडे चालू लागतो. त्यानंतर किती सभा झाल्या, किती रात्री दोघे एका झोपडीत शेजारी झोपले, तरी तो प्रश्न राहूनच गेला. शेवटच्या पानावर राल्फ आपल्या खऱ्या, शहाण्या मित्रासाठी रडतो, तेव्हाही त्याला ‘पिगी’ हे एकच नाव माहीत आहे.